सेन्सरोबाची खिंड

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, मध्ये मध्ये प्रश्न विचारणाऱ्यांना मी गोष्ट सांगत नाही) एक रुग्णवाहिका होती. एकच होती. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, डोक्यावर लाल दिवा असलेली. जंगलाच्या एका टोकाला वस्ती होती आणि दुसऱ्या टोकाला, नदीकाठी, पाणमांजर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. मध्ये चढणीचा घाट, आणि घाटाच्या माथ्यावर खिंड.

तर बाळांनो, ही रुग्णवाहिका रोज खिंडीत बंद पडायची.

वस्तीतून निघताना अगदी झकास. एका किल्लीत सुरू. पण घाट चढून खिंडीतल्या बिब्ब्याच्या झाडाखाली आली, की इंजिन एकदम गप्प. ना धूर, ना खडखड. गाडी चालवायचा एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर. त्याला सगळे तात्या म्हणत. तात्या किल्ली फिरवून फिरवून घामाघूम व्हायचा. इंजिन घुर्र घुर्र करायचं, पण सुरू व्हायचं नाही.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा झुपकेबुवा नावाचा एक कोल्हा तिथून चालला होता. त्याच्या हातात नारळ होता. कुणाचा होता ते जाऊ द्या. बुवानं तो झाडाच्या बुंध्याशी फोडला, कापूर लावला आणि लांबलचक आरती म्हटली. त्यात वीस मिनिटं गेली. मग तात्यानं किल्ली फिरवली, आणि काय सांगू, गाडी सुरू झाली!

झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नारळ, कापूर, आरती, वीस मिनिटं, आणि गाडी सुरू. एकदाही चूक नाही. एवढा पक्का अनुभव आला म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? खिंडीत आधी ओटा झाला, मग वर पत्रे आले, मग घंटा. नारळाची तीन दुकानं लागली. चपला ठेवायची सोय झाली. त्या जंगलात चपला कुणीच घालत नव्हतं, पण सोय असलेली बरी.

जंगलातली निम्मी पिल्लं त्या वीस मिनिटांत जन्माला आली. दवाखान्यानं शेवटी जन्मनोंदीच्या फॉर्मवर 'जन्मस्थळ'च्या पुढं 'खिंड' असं छापूनच घेतलं. लिहायचा त्रास वाचला.

आता आपल्या गोष्टीतला मिस्त्री. त्याचं नाव बारकू, जात साळिंदराची. वस्तीतले पाण्याचे पंप, पिठाची गिरणी, सगळं तोच दुरुस्त करायचा. उंची मात्र एवढीशी. गाडी चालवून बघायची झाली तर पेडलला लाकडी ठोकळे बांधायचा आणि स्टिअरिंगच्या मधल्या फटीतून रस्ता बघायचा. आणि चिडला की पाठीवरचे काटे सळसळून उभे राहायचे. म्हणून त्याला आपल्या सीटवर कुणी सुखानं बसू देत नसे.

रुग्णवाहिका बारकूकडं कधीच आली नव्हती. ती बिघडली आहे असं कुणाला वाटतच नव्हतं ना!

बारकूला मात्र ती खिंड डोळ्यांसमोर नको व्हायची. त्याच्या बायकोला, कौसाबाईला, पहिल्या खेपेला त्याच गाडीतून नेलं होतं. गाडी बंद पडली. आरती चालू असतानाच पिल्लू झालं, आणि ते वाचलं नाही. आता कौसाला पुन्हा दिवस गेले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, "पिल्लू आडवं आहे. कळा सुरू झाल्या की थेट इथं यायचं. वाटेत कुठंही थांबायचं नाही."

"अहो," कौसा म्हणाली, "साऱ्या जंगलाच्या मोटारी दुरुस्त करत फिरता. ह्या एका गाडीचं तेवढं जमत नाही होय? त्या नारळाच्या शेंड्यांवर मी परत आडवी पडायची नाही, सांगून ठेवते."

बारकूचे काटे उभे राहिले. पण बोलत होती ते खरंच होतं, म्हणून लगेच बसलेही.

दुसऱ्या दिवशी तो तात्याशेजारी जाऊन बसला. डोळे समोरच्या काट्यांवर. इंजिन किती वेगानं फिरतंय ते दाखवणारा एक काटा असतो, तो बारकूनं धरून ठेवला. म्हणजे नजरेनं. खिंड आली, इंजिन गप्प झालं, तात्यानं किल्ली फिरवली. इंजिन घुर्र घुर्र फिरतंय, पण काटा शून्यावर मेल्यासारखा पडलेला.

"तात्या, दिसलं का?" बारकू ओरडला. "इंजिन फिरतंय, आणि काटा म्हणतोय फिरत नाही!"

"मग नारळ आणू का?" तात्या म्हणाला.

बाळांनो, आता जरा लक्ष द्या. इंजिनाच्या पोटात एक जाड दांडा गरगर फिरत असतो. त्याला क्रँकशाफ्ट म्हणतात. त्याच्या शेजारी बोटाएवढा एक सेन्सर बसलेला असतो. त्याला काम एकच, दांडा फिरतोय ही बातमी इंजिनाच्या मेंदूला देत राहायची. मेंदू स्वतः उठून बघायला जात नाही. बातमी आली नाही की तो समजतो, दांडा थांबला. मग तो ठिणगीही बंद करतो आणि पेट्रोलही. हसू नका, तुमच्या शाळेतही असंच चालतं.

हा सेन्सर गार असेपर्यंत नीट बोलायचा. घाट चढून तापला की त्याची वाचा बसायची. वीस मिनिटांत गार झाला की पुन्हा बोलू लागायचा. आरतीचा संबंध एवढाच, की ती पुरेशी लांब होती.

बारकूनं गाडीखाली शिरून सेन्सर शोधला. हात लावला तर चटका बसला. पटकन गार करून दाखवावा म्हणून त्यानं पाणी मागितलं. पाणी खिंडीत नव्हतं. होतं ते नारळाचं. त्यानं एका दुकानातला शहाळ्याचा गारेगार पेला उचलला आणि सेन्सरवर ओतला. जरा थांबला. "मार किल्ली!" गाडी लगेच सुरू. आरतीचं अजून पहिलं कडवंही झालं नव्हतं.

"बघा!" बारकू नाचत म्हणाला. "गार केला की सुरू होते!"

"बघा!" झुपकेबुवा जमलेल्या गर्दीकडं वळून म्हणाला. "आतापर्यंत आपण नारळ झाडाला देत होतो. गाडीला दिला तर किती लवकर पावला!"

गर्दीनं बुवाच्या नावाचा जयजयकार केला. बारकूनं कपाळावर हात मारून घेतला, आणि स्वतःचाच काटा टोचून घेतला.

मग त्यानं बोलणं सोडलं आणि काम केलं. शहराच्या वेशीवरच्या दुकानातून नवा सेन्सर आणला. तात्या जेवायला गेला असताना जुना काढला, नवा बसवला. घरी येऊन जुना सेन्सर उकळत्या चहात बुडवून मीटर लावला, तर काहीच दाखवेना. गार पाण्यात धरला, तर पुन्हा नीट. "सापडला चोर," तो कौसाला म्हणाला. त्या दिवशीचा चहा मात्र कुणी प्यायलं नाही.

रुग्णवाहिका तीन दिवस खिंडीतून सुसाट गेली. न थांबता! पेशंट वेळेवर पोचू लागले. डॉक्टरीणबाईंना एवढे जिवंत पेशंट बघायची सवय नव्हती, त्यांना जास्तीच्या खाटा मागवाव्या लागल्या.

चौथ्या दिवशी झुपकेबुवा सरपंच गजराबाईंकडं गेला. गजराबाई म्हणजे हत्तीण, निवाडा एकदा बसला की बसला. बुवा धाय मोकलून रडला. "देव रुसला हो, बाई! गाडी थांबतच नाही. या साळिंदरानं तिच्या पोटातलं काहीतरी काढून घेतलंय. काय काढलं ते विचारा त्याला!"

बारकूला बोलावणं आलं. त्यानं सगळं समजावून सांगितलं. दांडा, बातमी, मेंदू, ठिणगी. गजराबाईंनी कान हलवत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू दे रे. काढलंस की नाही तेवढं सांग."

"काढलं."

"मग देऊन टाक बुवांना. कशाला भांडण वाढवतोस?"

बारकूच्या मनात आलं, अरे, हे तर फारच सोपं झालं! बिघडलेला सेन्सर गाडीत नसला म्हणजे बास, मग तो कुठंही पडेना का. त्यानं तो बुवाच्या पंजात ठेवला. "घ्या. लावा शेंदूर, घाला हार. माझी गाडी चालू राहू दे." घरी जाताना तो शीळ घालत गेला. त्या दिवशी त्याला आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

आठवड्यानं कौसाला कळा सुरू झाल्या.

रुग्णवाहिका दारात आली. बारकू मागं कौसाजवळ बसला. घाट सुरू झाला, इंजिन कसं एका लयीत चाललं होतं. बारकू तिचा हात धरून म्हणत होता, "ऐक, ऐक, काय गोड आवाज आहे." कौसा म्हणत होती, "गप बसा हो."

खिंड आली, आणि गाडी थांबली.

बारकू ताडकन उठला. त्यानं कान दिला. इंजिन तर चालू होतं! धडधड, धडधड, एक ठोका चुकत नव्हता. तात्यानं हँडब्रेक ओढला आणि दार उघडून खाली उतरला.

"तात्या! काय झालं?"

"काही नाही. थांबा आहे."

"कसला थांबा?"

तात्यानं बोट दाखवलं. ओट्यावर शेंदरात माखलेला, चांदीचे डोळे लावलेला जुना सेन्सर बसला होता. वर पाटी होती: श्री सेन्सरोबा देवस्थान. रुग्णवाहिकेने वीस मिनिटे थांबावे, हुकुमावरून सरपंच.

"अरे पण गाडी चालू आहे!" बारकू किंचाळला.

"चालूच असायची. जागृत आहे देव," असं म्हणून तात्या घंटेची दोरी धरायला गेला.

कौसानं घाम पुसला. "अहो, गाडी बंद पडली का?"

"नाही."

"मग थांबलीय कशाला?"

गेल्या खेपेचं ते पिल्लू बारकूला आठवलं, त्याचे मऊ मऊ काटे आठवले, आणि त्याला रडू फुटलं. बाहेर बुवानं आरती सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. तात्यानंही मिटले.

बारकू रडत रडतच पुढच्या सीटवर चढला. हत्यारांच्या पिशवीतले ठोकळे काढून त्यानं पेडलला बांधले. पाठीवरचे सगळे काटे ताठ उभे होते, ते सीटमध्ये खचाखच घुसले. त्यानं ब्रेक सोडला, गिअर टाकला आणि स्टिअरिंगच्या फटीतून रस्ता धरला.

आवाज ऐकून गर्दीनं डोळे उघडले. बघतात तर काय, तात्या इकडं घंटेपाशी, सीटवर कुणीच नाही, आणि गाडी आपली आपण घाट उतरत चाललीय!

नदीकाठी कौसाला मुलगी झाली. आडवी होती ती डॉक्टरीणबाईंनी सरळ केली. आई सुखरूप, मुलगी सुखरूप, आणि रडणं असं की पाण्यातले मासे वर आले. बारकूनं तिला उचलून घेतलं आणि तिचे मऊ काटे स्वतःच्या गालाला टोचून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो गाडी परत घेऊन खिंडीत आला. तिथं ही गर्दी! नारळाची अकरा दुकानं. बुवानं दार उघडून सीट बघितली. तिला शेकडो भोकं पडली होती.

"देवाच्या बाणांच्या खुणा!" बुवा ओरडला.

"ते माझे काटे आहेत!" बारकू त्याहून मोठ्यानं ओरडला. "गाडी मी चालवली! मी!"

झुपकेबुवानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. जपून ठेवला. मग गर्दीला म्हणाला, "बघा. देव कुणाच्या रूपानं येईल, सांगता येत नाही."

सगळे बारकूच्या पाया पडले. थांबा त्याच दिवसापासून चाळीस मिनिटांचा झाला.

घरी आल्यावर कौसानं मुलीच्या जन्माचा दाखला उलगडला. जन्मस्थळ: खिंड.

"अहो, ही तर दवाखान्यात झाली ना?"

"फॉर्मवर छापलेलंच आहे," बारकू म्हणाला.

तात्पर्य: बिघाड शोधायला अक्कल लागते, दुरुस्त करायला हात लागतो, हे सगळं खरं. पण बाळांनो, काढलेला जुना पार्ट शेवटी कुठं ठेवता, ते महत्त्वाचं. तो भंगारात टाका. ओट्यावर बसवलात, तर पुढं चांगली गाडीही त्याच्यासमोर बंद पडल्यासारखी उभी राहील, आणि ती दुरुस्त करायला गेलात, तर लोक तुमच्याच पाया पडतील.