डॉन सासाचं प्रेत

"या वेळी मला कापून दाखवा म्हणावं!" चौकातल्या कॉफीच्या दुकानात टेबलावर मूठ आपटून गास्पारे गरजला. "कात्री मोडेल, पण मी पडद्यावरून हलणार नाही!"

सगळे हसले. हसणारच! डॉन सासाच्या गुंड घराण्यावरचा सिनेमा याआधी दोनदा आमच्या रोकावेंतो गावात चित्रित झाला आणि दोन्ही वेळा गास्पारे त्यात होता. म्हणजे, असणार होता. पहिल्या भागात लग्नाच्या पंगतीत तो केकमागे झाकला गेला. दुसऱ्या भागात त्याचं नुसतं कोपर दिसलं. "ते माझं! ते माझं!" म्हणून तो थिएटरात ओरडला, तर मागच्या रांगेतून आवाज आला, "बाकीचा माणूस कुठे सांडलास रे, भोंपू?"

भोंपू म्हणजे तोच. गावची बस चालवायचा तेव्हा प्रत्येक वळणावर भोंपू दाबायचा, म्हणून हे नाव. आमच्याकडे माणूस टोपणनावानं जगतो. बाप्तिस्म्याचं नाव घरच्यांनाच ठाऊक; 'गास्पारे' हे मलाही नंतरच कळलं. बाकीच्यांना ते कळतं थेट भिंतीवर, तो मेल्यावर डकवलेल्या निधनाच्या पत्रकात. आपण फोटो बघायचा, हळहळायचं आणि म्हणायचं, "अगंबाई, हे नाव होतं होय याचं!"

तर आता आला तिसरा आणि शेवटचा भाग. यात डॉन सासा मरणार होता. पण त्याचं काम करणारा बडा नट अडून बसला. "जिवंतपणी शवपेटीत झोपू? अपशकुन! टळावा म्हणून लोखंडाला हात लावा!" झोपणं सोडाच, निधनाच्या पत्रकावर स्वतःचा फोटोही तो लावू देईना. मग त्याच्यासारखा दिसणारा माणूस शोधणं आलं. तेच नाक, तीच मिशी! गास्पारेचं नशीब उघडलं. चर्चच्या घुमटापासून कॅमेरा खाली येणार आणि थेट त्याच्या चेहऱ्यावर थांबणार. मधे ना केक, ना कोणाचं डोकं. आणि यानंतर चौथा भाग नाही. आता नाही तर कधीच नाही!

दिग्दर्शकाची मदतनीस ऑर्नेल्ला, रोमची पोरगी, तिनं त्याला शपथ घातली. "काका, डॉन मरतो हे कोणाला सांगायचं नाही. काकूंनासुद्धा नाही."

ज्याच्या पोटात जन्मात काही राहिलं नाही, त्यानं ही गोष्ट पोटात ठेवली. तिथंच सगळं बिघडलं!

चित्रीकरणाच्या दिवशी तो पहाटेच चर्चमध्ये जाऊन शवपेटीत पडला. दिग्दर्शक वाकून म्हणाला, "चर्च दुपारपर्यंतच मिळालंय. शॉट एकदाच होणार. जरा जरी हललात, तर तो आहे." त्यानं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं तेच नाक, तीच मिशी लावलेला मेणाचा पुतळा उभा होता. "तो श्वास घेत नाही," दिग्दर्शक म्हणाला.

गास्पारेनं घट्ट डोळे मिटले.

इकडे सिनेमावाल्यांनी बाहेरच्या दृश्यासाठी गावभर पत्रकं डकवली. काळी चौकट, गास्पारेचा टाय लावलेला फोटो आणि खाली डॉनचं पूर्ण नाव, जे सिनेमातही कधी कोणी उच्चारलं नव्हतं: बाल्दास्सारे इग्नाझिओ मोंकादा. अंत्यविधी आज, मोठ्या चर्चमध्ये.

गाव भिंतीपुढे गोळा झालं.

"अगंबाई! भोंपूचं नाव बाल्दास्सारे होतं?"

"अहो, काल तर टेबलावर मूठ आपटत होता!"

"तीच आपटायला नको होती. काळजाला सोसलं नाही."

बायका स्वयंपाकघरांकडे धावल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवण न्यायचं असतं. पण गास्पारेच्या दाराला कुलूप! त्याची बायको आगाता बहिणीकडे गेली होती. "चर्चमध्ये असेल हो बिचारी," म्हणत सगळे मॅकरोनीच्या परातींसकट चर्चकडे निघाले. तेवढ्यात कोणीतरी शेजारच्या गावी त्याच्या थोरल्या भावाला, नुन्झिओला, फोन केला.

हे दोघे भाऊ कैक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. घराण्याच्या कबरीत एकच जागा उरली होती, आईच्या शेजारची, आणि ती दोघांनाही हवी होती. एकदा नुन्झिओनं ती सोडलीसुद्धा, पण चार भिंतींच्या आत. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी असं बोललोच नाही!

चर्चमध्ये कॅमेरा सुरू झाला होता. घुमटापासून हळूहळू खाली येत होता. एवढ्यात धाडकन दार उघडलं आणि रडारड आत घुसली.

"ऑर्नेल्ला," दिग्दर्शक कुजबुजला, "हे रडणारे कुठून आणलेस? सोनं आहे, सोनं! थांबवू नकोस!"

ऑर्नेल्लानं कोणालाच आणलं नव्हतं, पण तिनं खुशाल मान डोलावली.

गास्पारेनं आवाज ओळखले. औषधवाली बाई हुंदका देत म्हणाली, "असा माणूस पुन्हा होणे नाही!" त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

"बस मात्र एकदाही वेळेवर आली नाही हो," पोस्टमन म्हणाला.

"आणि गाणं! देवानं कान झाकून घेतले असतील आता."

गास्पारेनं दात आवळले. आठव, तो मेणाचा आठव! छातीत श्वास दाटला होता. नाकावर माशी बसली. तरी पठ्ठ्या हलला नाही.

मग फरशीवर काठीचा आवाज आला आणि त्यानं तो लगेच ओळखला. ती वडिलांची काठी, आता थोरला भाऊ वापरायचा.

"गास्पारे! अरे माझ्या राजा!" नुन्झिओनं पेटीच्या कडेवर डोकं टेकलं. "एका जागेसाठी तुझं तोंड बघितलं नाही रे! ऐका, गावकऱ्यांनो! आईशेजारची जागा मी सोडली. तिथं माझा धाकटाच झोपेल. देवासमोर सांगतोय!"

गास्पारेचा जीव गलबलला. हेच ऐकायला तो तरसला होता. कॅमेरा हातभर अंतरावर आला होता. आणखी क्षणभर निपचित पडला असता, तर जन्माचं सार्थक! पण नुन्झिओचा शब्द म्हणजे... आणि आज अख्खं गाव साक्षीला होतं!

तो ताडकन उठून बसला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? आता शब्द फिरवायचा नाही!"

जी काही पळापळ झाली! मॅकरोनी फरशीवर सांडली. कोणी किल्ल्यांना, कोणी कठड्याला, मिळेल त्या लोखंडाला हात लावत सुटलं. औषधवाली बाई पोस्टमनच्या अंगावर कोसळली.

नुन्झिओ खाली बसला होता. "तू... जिवंत आहेस?"

"आहे ना!"

"मग जागा माझी!" नुन्झिओ ओरडला, आणि पुढच्याच क्षणी भावाच्या गळ्यात पडून त्याला दणादण गुद्दे घालत रडू लागला. "गाढवा! माझा जीव घेतला असतास!"

दिग्दर्शकानं डोकं धरलं. मग मान वळवून त्यानं कोपऱ्याकडे बघितलं.

शेवटचा भाग लागला तेव्हा सारं रोकावेंतो थिएटरात होतं. घुमटापासून कॅमेरा खाली आला आणि थेट त्या चेहऱ्यावर थांबला. गास्पारेनं लाजेनं मान खाली घातली. तेवढ्यात शेजारी नुन्झिओ काठी आपटत उभा राहिला. "बघा! माझा भाऊ! माझा भाऊ!"

थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा, भोंपू! काय मेलायस!" मीही टाळ्या पिटल्या. खरं कळायला आम्हाला वर्ष लागलं.

"अरे, खाली बस," गास्पारे त्याची बाही ओढत कुजबुजला. "मेणाचा आहे तो."

"ठाऊक आहे मला," डोळे पुसत नुन्झिओ म्हणाला. "पण किती गुणी आहे बघ! एकदाही जागा मागितली नाही."