बनकर नानांचे चार दिवे

आमच्या गल्लीतल्या बनकर नानांच्या घरी पाहुणा आला, की नाना आधी अ‍ॅम्पचं बटण दाबायचे आणि मग पंख्याचं. पाहुणा उन्हातून चालत आलेला असो, घामानं निथळत असो, त्याचं पाणीसुद्धा नंतर. "गरम होऊ द्या," एवढं बोलून नाना खुर्चीत बसायचे, कोपऱ्यातल्या हिरव्या खोक्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. तापल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा तो हात. नव्या माणसाला वाटायचं, काहीतरी पूजाअर्चा चालली आहे. तोही बिचारा हात जोडून बसायचा.

पूजा वगैरे काही नाही, तो गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर होता. तोही जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओच्या पाठीमागून डोकावलं की तांबूस उजेडाच्या छोट्या काचा दिसायच्या ना, त्याच या. नानांच्या खोक्यात अशा चार होत्या आणि नाना त्यांना 'दिवे' म्हणायचे. बटण दाबल्यावर दिवे तापायला वेळ लागतो, हे खरं आहे. पण त्याला एखादं मिनिट पुरतं. नाना वीस मिनिटं घ्यायचे.

नाना मूळचे लासूर स्टेशनचे. घरी शेती, कापूस आणि कांदा, आणि घरात वाजणारी वस्तू म्हणजे बैलांच्या गळ्यातल्या घंटा. तिथून हा माणूस गिटारकडे कसा वळला, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता येत नसे. शहरात आयटीआय करायला आले तेव्हा गुलमंडीमागच्या एका बोळात रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. दोन मोडीत निघालेल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, एका बंद पडलेल्या टॉकीजचा स्पीकर आणि प्लायवूडचं खोकं अशी जुळवाजुळव करून त्यांनी नानांना हा अ‍ॅम्प बांधून दिला. वरून रिक्षाच्या सीटचं उरलेलं हिरवं रेक्झिन चिकटवलं. देताना चाचा म्हणाले, "मियाँ, इसकू जल्दी नक्को करना. पहले गरम होने दो." नानांनी ते असं धरलं की पुढं शेंद्र्याच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतानाही ते कुठलंच यंत्र घाईनं सुरू करत नसत. साहेब लोक वैतागायचे, पण नानांची मशिनं बंद पडत नसत, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मी नानांपेक्षा वीस वर्षांनी लहान. पॉलिटेक्निकात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो आणि लग्नसराईत नानांच्याच ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवतो. म्हणजे वाजवायचो. एकदा आम्ही लासूरलाच एका रिसेप्शनला गेलो होतो. वीज गेली आणि आली, त्यामुळे नानांचे दिवे विझून पुन्हा लागले. तेवढ्यात नवरा-नवरी मंडपाच्या दारात. ऑर्केस्ट्रानं एंट्रीचं गाणं सुरू करायचं, वरून फुलं पडायची, असा सगळा बेत. नाना खोक्यावर हात ठेवून डोळे मिटून बसलेले. मुलीचे मामा स्टेजवर आले, आधी हात जोडले, मग आवाज चढवला. नानांनी एक डोळा उघडला आणि शांतपणे म्हणाले, "लग्न कुठं पळून चाललंय का? दिव्याचं तसं नाय." फुलं टाकणारी मंडळी तोवर फुलं टाकून मोकळी झाली होती. नवरा-नवरी गाण्याविना, फुलांविना मंडपातून चालत आले आणि त्यानंतर गाणं सुरू झालं. पण वाजलं असं की तेच मामा शेवटी नानांच्या पाया पडून गेले.

गल्लीलाही नानांच्या अ‍ॅम्पचं वेळापत्रक पाठ होतं. कुणी बोअरची मोटार सुरू केली की व्होल्टेज पडायचं आणि नानांच्या लेखी अ‍ॅम्पचा गळा बसायचा. मग नाना बनियनवरच बाहेर यायचे आणि त्या घरासमोर उभे राहून विचारायचे, "अजून किती वेळ भरणार हायेत?" भांडण नाही, तंटा नाही, नुसते उभे राहायचे. लोक अर्धी टाकी भरून मोटार बंद करायचे. आपल्या गावात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. ज्या दिवशी यायचं, त्या दिवशी घरोघरी मोटारी एकदम सुरू. सगळी गल्ली आनंदात बादल्या मांडतेय आणि नाना ओट्यावर तोंड पाडून बसलेत, हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

अशा माणसासमोर मी डिजिटल डबा आणला, ही माझीच हिंमत. विटेएवढं यंत्र. त्यात जगातले नामांकित शंभर अ‍ॅम्प भरलेले, बटण फिरवलं की आवाज बदलतो. वजन नाही, तापणं नाही, व्होल्टेजची कटकट नाही. मी मोठ्या कौतुकानं एकेक आवाज ऐकवला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. शंभर घरी जेवतोस तू. तुझं घर कुठलं?" त्या दिवसापासून माझ्या यंत्राचं नाव 'डबा' पडलं, ते आजतागायत.

मीही हार मानणारा नव्हतो. एकदा नानांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. म्हटलं, मी दोन्ही वाजवतो, तुमचा कुठला ते ओळखा. पहिला वाजवला. नाना म्हणाले, "डबा." दुसरा वाजवला, तर त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं. "हा माझा. लेकराचा आवाज ओळखू येत नाय व्हय?" मग ते वळले, सवयीनं खोक्यावर हात ठेवला. खोकं थंड होतं. मी ते सुरूच केलं नव्हतं. दोन्ही आवाज डब्याचे होते. नाना माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी घरी आले, चहा घेतला आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "त्या दिवशी मला सर्दी झाली होती." मी म्हटलं, हो नाना, मलाही वाटलंच होतं.

या सगळ्या गोंधळात सुमनकाकू कुठं होत्या, असं कुणी विचारेल. काकू आतल्या स्वयंपाकघरात होत्या. नाना कारखान्यातून आले, हातपाय धुतले की बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसायचे. तास-दीड तास. काकू आत स्वयंपाक करायच्या. इतक्या वर्षांत नानांचं वाजवणं कसं असतं, यावर काकूंनी एक शब्द काढलेला मी ऐकला नाही. एकदा मीच विचारलं, तर त्यांनी माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? यांचं वाजवणं थांबलं की मी भाकरी तव्यावर टाकते." नानांनी ते ऐकलं आणि मला डोळा मारला. बायकोला गाण्यातलं काही कळत नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि त्यावर त्यांची काही तक्रारही नव्हती.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आजार फार लांबला नाही.

त्यानंतर नाना संध्याकाळी बटण दाबायचे, हात ठेवून बसायचे आणि वीस मिनिटं झाली की बटण बंद करायचे. गिटार खुंटीवरच. मी समोर बसलेलो असायचो. मी ऑर्केस्ट्रातल्या नव्या गायकाच्या तक्रारी सांगायचो. नाना हुंकार भरायचे.

मुलगी मनीषा पुण्यात. ती रोज फोन करून बोलवायची. तिचं घर चौथ्या मजल्यावर, खोल्या दोन, पोरगं सहा महिन्यांचं. तिथं हा अ‍ॅम्प नेणं शक्यच नव्हतं. एक तर उचलायला दोन माणसं लागायची आणि वाजला तर सोसायटी उठून बसली असती. मनीषा एकदा माझ्याकडे रडली. म्हणाली, दादा, बाबा एका खोक्यासाठी एकटे राहतायत, तुम्ही तरी सांगा. मी सांगितलं. नाना म्हणाले, "बघू." वर्षभर त्यांचं बघणंच चाललं होतं.

मग यंदाच्या उन्हाळ्यात दिव्यांनी दगा दिला. दोन दिव्यांतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज यायला लागला. चाचा केव्हाच अल्लाघरी गेलेले, त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तसले व्हॉल्व्ह मी इंटरनेटवर पुष्कळ शोधले. जे सापडले ते यात बसेनात. फार तर काही तास, मग खोकं मुकं होणार, हे मेंटेनन्सच्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. एका सकाळी नाना माझ्या दारात उभे. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "संजू, तुझा डबा दुसऱ्याचा आवाज शिकतो म्हणं. माझा शिकंल का? शिकला तर जातो मी पोरीकडं."

शिकतो. नवीन डब्यांना ते येतं. डबा अ‍ॅम्पला जोडायचा, स्पीकरसमोर माइक लावायचा. मग डबा अ‍ॅम्पमधून चित्रविचित्र आवाज काढून घेतो आणि त्यावरून त्याचा स्वभाव टिपून ठेवतो. पुढं अ‍ॅम्प नसला तरी त्याचा आवाज डब्यात राहतो. मी रविवारी सगळं सामान घेऊन गेलो. नळाला पाणी नव्हतं, व्होल्टेज झकास होतं. नानांनी नेहमीप्रमाणे वीस मिनिटं घेतली. मी माइक स्पीकरच्या अगदी तोंडाशी लावला. नाना उठले, माइक स्टँडसकट उचलला, वायर ओढत स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या ओट्याशेजारी ठेवून आले. येताना मधलं दार लावून घेतलं.

मी म्हटलं, नाना, असं नसतं करायचं. एवढ्या लांबून, तेही दाराआडून, डब्याला काय डोंबल कळणार?

नाना खुर्चीत बसले. बराच वेळ गिटारच्या तारा पुसत राहिले. मग म्हणाले, "मला कसा ऐकू येतो ते माझ्या डोक्यात हाय. त्याला मशीन कशाला पाहिजे? तिला कसा ऐकू यायचा, ते पाहिजे मला."

मी बटण दाबलं. डब्यानं त्याचे आवाज काढले, कोंबडी पकडावी तसे. चार-पाच मिनिटांनी स्क्रीनवर लाल खूण आली. टिपलेला आवाज चांगला नाही, पुन्हा प्रयत्न करा, असा तिचा अर्थ. मी नानांना तसं सांगितलं. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि हेडफोन कानाला लावले. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी गिटार मांडीवर घेतली होती. ते वाजवायला लागले. मला नुसत्या तारांची टिकटिक ऐकू येत होती. आवाज त्यांच्या एकट्याच्या कानात होता.

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, ते थांबले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. "एवढंच ऐकू यायचं का तिला?"

मी हेडफोन घेऊन ऐकलं. वरच्या तारा जवळजवळ नाहीतच. नानांची सगळी कलाकुसर, ते हळुवार ओढलेले सूर, काहीच नाही. खालच्या तारांची गुणगुण तेवढी. शेजारच्या घरात कुणीतरी काहीतरी वाजवतंय, इतपत. मी म्हटलं, नाना, दार बंद आहे ना.

दार नेहमीच बंद असायचं, नाना म्हणाले. फोडणीचा तेलकट धूर दिव्यांवर बसतो, काचा चिकट होतात, म्हणून वाजवायला बसण्याआधी ते दार लावून घ्यायचे. काकू म्हणायच्या, राहू द्या की उघडं. सुरुवातीची काही वर्षं रोज म्हणायच्या. मग म्हणायच्या बंद झाल्या.

नाना उठले. त्यांनी मधलं दार उघडलं आणि ते पुन्हा लोटलं जाऊ नये म्हणून त्याला पाण्याचा भरलेला कॅन लावला. मग गिटार माझ्या हातात दिली. आता हेडफोन नको, अ‍ॅम्पवरच वाजव, म्हणाले. मी त्यांच्यासारखं वाजवू शकत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी मी वाजवलं. ते स्वयंपाकघरात गेले. दारातून मला दिसत होते. ओट्यापाशी उभे, तोंड भिंतीकडं, काकू उभ्या राहायच्या तसे. दोन दिवे मधूनमधून तडतडत होते, पण बाकीचा आवाज भरलेला होता, गोड होता. माझी बोटं चुकत होती.

गाणं संपलं तरी ते बाहेर येईनात, म्हणून मी आत गेलो. त्यांचा तळहात गॅसशेजारी ओट्यावर टेकलेला होता.

"इथून लई चांगलं ऐकू येतं रे," नाना भिंतीकडं बघतच म्हणाले. "मला वाटायचं, तिला दार उघडं वाऱ्यासाठी पाहिजे असंल."