लोंबत्या तारेचा दाखला

भंडाऱ्यात केवळरामजींचे पितळी भांड्यांचे दुकान आहे. त्या दुकानात विजेचा प्लग एकच, आणि तो गल्ल्यामागे. भांड्यांवर नावे घालायचे मशीन मात्र दाराशी, कारण उजेड दाराशी. मधल्या चौदा फुटांत वायर भुईवर पसरलेली होती, आणि तिला अडखळून गिऱ्हाइके गेली अकरा वर्षे शिस्तीत पडत होती. तक्रार कोणाचीच नव्हती. पडलेला माणूस उठून आधी आजूबाजूला बघतो, मग चप्पल झटकतो आणि चूक आपलीच समजून दोन पेले जास्त घेतो, असा केवळरामजींचा अनुभव होता.

यंदा मात्र सुलोचनाबाई पडल्या.

सुलोचनाबाई म्हणजे केवळरामजींची बायको आणि दुकानाचे अक्षर. त्यांनी गुंडावर, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरीवर, नाव घातले की सून सासरी तो गुंड दर्शनी ठेवी. त्यांचा पाय मुरगळल्यावर केवळरामजींनी एक नाव स्वतः घालून पाहिले. गिऱ्हाईक बाईने गुंड फिरवून फिरवून पाहिला आणि विचारले, "हे पोचे कायचे होत जी?"

लग्नसराई तोंडावर आलेली. आणि सुलोचनाबाईंनी घरी पाय शेकता शेकता जाहीर केले, "वायर भुईवरून उचला. मंग मी दुकानात पाय ठेवीन."

केवळरामजींचा भाचा प्रविण कारध्याचा. परवानाधारक वायरमन. त्याने छताला बसवायचे वायरचे चाक आणले. वायर ओढली की खाली येते, हलका झटका दिला की सुरसुर वर जाते.

"पंख्याच्या हुकालेच लटकव ना," केवळरामजी म्हणाले.

"नाई मामाजी. तो हुक पंख्याचा हाये."

"मंग फॉल सीलिंगले?"

"ते सोताच कसंतरी टिकून हाये."

प्रविणने फॉल सीलिंग कापून थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले. चाकाला वेगळा स्विच दिला, अर्थिंग दिले, करंट लागताच आपोआप बंद पडणारे बटण दिले. वायरचे टोक कोणाच्या डोक्याला लागू नये म्हणून अडकण बसवली. शेवटी त्या बोल्टांना पाण्याने भरलेला गुंड तासभर टांगून त्याच्याखाली बसून तो चहा प्यायला. केवळरामजींनी आपला चहा रस्त्यावर उभे राहून घेतला. दोघांचा वाद फक्त एकदा झाला. चाकावरचे प्लास्टिक प्रविणने फाडले. 'नवं वाटते, राहू दे' असे केवळरामजींचे म्हणणे होते आणि ते फार दुखावले.

सगळे ऐकून सुलोचनाबाई म्हणाल्या, "सरकारी कागद आणा. याच पोट्ट्यानं माह्या कूलरच्या वायरी प्लगात माचिसच्या काड्या कोंबून बसवल्या होत्या."

"ते घरचं काम होतं, मामी," प्रविण म्हणाला. नियम बाहेरच्यांसाठी असतात हे मामीला कळू नये, याचे त्याला खरेच वाईट वाटले.

कागद देणारे 'लोंबत्या तारा नियंत्रण कक्ष' नावाचे कार्यालय होते. तिथून वीरेंद्रबाबू तपासनीस छापील फॉर्म घेऊन आले आणि वर बघू लागले.

"तार कुठे आहे?"

"वर चाकात हाये, साहेब."

"मग तपासणीच्या वेळी तार आढळली नाही, असं लिहावं लागेल. तारच नाही, तर दाखला कशाचा देऊ?"

प्रविणने वायर खाली ओढली. वीरेंद्रबाबू दोन पावले मागे सरले. "ही तर लोंबते."

"ओढली तं लोंबनच ना जी."

"लोंबती तार आढळल्यास जोडणी तोडावी. रकाना सात."

प्रविणने झटका दिला. वायर वर गेली. वीरेंद्रबाबूंनी लिहिलेले खोडले. असे तीनदा झाले. माणूस वाईट नव्हता, उलट त्यांना या मंडळींची कीव आली. नोकरीच्या तेवीस वर्षांत त्यांनी लोंबणाऱ्या तारा पाहिल्या होत्या आणि न लोंबणाऱ्याही. घडीघडीला मत बदलणाऱ्या तारेसाठी मात्र रकाना नव्हता. अखेर मार्गही त्यांनीच काढला.

"तिला कायम करा. ओढून भिंतीशी न्या आणि खिळ्याला बांधून टाका."

"मंग वापराची कशी?" केवळरामजींनी विचारले.

"वापराबद्दल फॉर्म काही विचारत नाही."

वायर गल्ल्यामागच्या भिंतीशी नेऊन खिळ्याला करकचून बांधली. टोक आले ते नेमके जुन्या प्लगाशेजारी. तिथून दाराशी असलेल्या मशीनपर्यंत जोडवायर लागली, चौदा फूट, भुईवरून.

"जमिनीवरची तार लोंबत नाही," वीरेंद्रबाबू समाधानाने म्हणाले आणि त्यांनी सही केली. निघताना ते तिलाच अडखळून पडले. उठून त्यांनी आजूबाजूला पाहिले, चप्पल झटकली आणि दोन पेले घेतले.

केवळरामजींनी दाखला काचेच्या फ्रेमीत बसवला आणि सुलोचनाबाईंना ऑटोतून आणले. बाईंनी दाखला पुरता वाचला. मग भुई पाहिली, छत पाहिले, भिंत पाहिली.

"कागद चांगला हाये. टांगान कुठी?"

केवळरामजी खिळा शोधू लागले. बाईंनी भिंतीजवळ जाऊन वायर सोडली, ती सुरसुर वर गेली. रिकाम्या खिळ्यावर त्यांनी दाखला टांगला. भुईवरची वायर गुंडाळून प्रविणच्या हातात दिली. मग मशीनपाशी बसून वरची वायर ओढली आणि पहिला गुंड मांडीवर घेतला. केवळरामजींचा जीव भांड्यात पडला, आणि भांडी तिथे भरपूर होती.

पंधरा दिवसांनी वीरेंद्रबाबू मुलीच्या, खुशबूच्या, लग्नाचा गुंड घेऊन आले. डोक्यावर लोंबती तार पाहून थबकले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"कागद जागेवर आहे ना?"

"हाये, साहेब."

"मग अक्षर जरा मोठं घाला."

आता तुम्ही वीरेंद्रबाबूंना हसत आहात, हसा. पण हसून झाले की एकदा उठून तुमच्या घरच्या कूलरमागचा प्लग बघून या. जाताना भुईवरच्या वायरीत पाय अडकू देऊ नका. त्या प्लगात दोन काड्या दिसतील. त्या कोणी कोंबल्या, हे विचारायला कुठल्याच कक्षाचा माणूस तुमच्याकडे येणार नाही. ते घरचे काम आहे.