अप्पांचा पुढचा आक्सल

अप्पांच्या दारात कुणाची जीप थांबली की उतरणाऱ्या पाहुण्याला यजमान दिसायचा नाही, यजमानाचे पाय दिसायचे. बाकीचे अप्पा गाडीखाली असायचे. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, आणि धुळीत उताणं पडून ते पुढच्या चाकांच्या मधे काय आहे ते बघायचे. मनासारखं दिसलं की खालूनच आवाज यायचा, "अखंड हाय! या, बसा! चहा ठिवा गं!" गाडी नव्या धाटणीची निघाली तर नुसतंच "हं" ऐकू यायचं. अशा पाहुण्यालाही चहा मिळायचा, पण त्यात साखर बेताची असायची, असा माझा संशय आहे.

वैजनाथअप्पा घाटनांदूरचे आडत दुकानदार. मी टेलिफोन खात्यात, बदली होऊन तिथं आलेला. त्यांच्याच घराची मागची खोली भाड्यानं घेऊन राहायचो. तो काळ गावात रोज काहीतरी नवं येण्याचा होता. एसटीडीचा बूथ आला, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या आल्या, आणि रस्त्यावर नव्या, ऐसपैस, बंद गाड्या आल्या. या गाड्यांचं पुढचं एकेक चाक सुटं सुटं हलायचं. एक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपलं सपाटीवर, त्यामुळे बसणाऱ्याला आराम. जुन्या जीपला मात्र दोन्ही चाकांच्या मधून एकच अखंड लोखंडी दांडा असायचा. तो म्हणजे ॲक्सल. अप्पा त्याला आक्सल म्हणायचे, आणि त्यांच्या घरात राहून मलाही दुसरा शब्द सुचेनासा झाला.

"ह्या चाकाचं त्या चाकाला ठावंच न्हाई," ते चिडून म्हणायचे. "एक खड्ड्यात पडलंय आन दुसरं मजेत चाललंय! ह्येला काय गाडी म्हनायची?"

एकदा एक उमेदवार मतं मागायला नव्या गाडीतून आला. अप्पा खालून अंग झटकत बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, तुमी एकीचं बोलता, पर तुमच्या गाडीतच एकी न्हाई." तो बिचारा हार गळ्यात तसाच घेऊन निघून गेला.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, अप्पा पट्टीचे ड्रायव्हर असणार. अप्पांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांना फक्त गिअर टाकता यायचा. भाड्याच्या जीपमध्ये ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि पुढं चढ आला, की त्यांचा उजवा हात आपोआप गिअरच्या दांडीवर जायचा. ड्रायव्हर वैतागायचे. एकानं तर परळीच्या रस्त्यात गाडी उभी केली आणि सांगितलं, "अप्पा, एक तर तुमी चालवा, न्हाईतर मला चालवू द्या."

हे कोडं अप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सोडवलं. "आवो, ह्ये आन मोठे भावजी, दोघं मिळून एक डायव्हर व्हते," त्या म्हणाल्या.

मोठे भावजी म्हणजे अप्पांचे थोरले बंधू, मन्मथदादा. लहानपणी चिंचेवरून पडून त्यांचा डावा हात मोडला तो कोपरात कायमचा ताठ राहिला. वडिलांनी लिलावातून मिलिटरीची जुनी जीप आणली तेव्हा दादा स्टिअरिंगवर बसले आणि धाकट्याला शेजारी बसवलं. दादांनी क्लच दाबून "दुसरा!" म्हणायचं, अप्पांनी दुसरा गिअर टाकायचा. अशी दोघांनी ती जीप वर्षानुवर्षं चालवली.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. शेत, दुकान, घर सगळं गोडीनं मिटलं आणि गाडं जीपपाशी अडलं. दादा म्हणाले, वैजूला द्या. अप्पा म्हणाले, दादाला द्या. एकेकट्याला ती चालवता येणार नव्हतीच, पण तसं म्हणायची दोघांनाही लाज. "मला कावून द्यायलास? मी काय भिकारी हाय?" इथवर बोलणं गेलं. जेवायची वेळ टळून गेलेल्या पंचांनी मग वैतागून जीपच खोलायला लावली. इंजिन आणि पुढचे पाटे दादांना, आक्सल आणि स्टिअरिंग अप्पांना. पाटे म्हणजे आक्सल ज्यांना बांधलेला असतो ती, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडगी. दोघेही रागाच्या भरात "चालंल" म्हणाले आणि त्या दिवसापासून एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहून एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि अशा या अप्पांनी एक दिवस नवी गाडी घेतली. तीही त्या सुट्या चाकांचीच. गावानं तोंडात बोटं घातली. पेढे संपायच्या आत त्यांनी अंबाजोगाईहून करीम मिस्त्रींना बोलावून तिचं पुढचं सगळं खोलायला सांगितलं.

"अप्पा, गाडीचा आराम जाईल," मिस्त्री म्हणाले.

"आराम कोनाला पायजे?"

"बसनाऱ्याला."

"मग बसनाऱ्याला जाऊ द्या."

काकूंनी कपाळावर हात मारला. "नव्या सुनंचे दात पाडून कोनी कवळी बसवतंय का?" पण अप्पांनी धान्याच्या कोठीतून पोत्यात गुंडाळलेला तो जुना आक्सल काढला आणि अंगणात मांडला. मिस्त्रींनी चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, कड्या जोडल्या, स्टिअरिंगची जोडणी बदलली, आणि काम पाट्यांपाशी येऊन थांबलं. त्यांनी भंगारातून एक चांगली जोडी आणली. अप्पांनी ती उलटसुलट पाहिली, मिस्त्रींना चहा पाजला आणि जोडी परत पाठवली.

"ह्या आक्सलला त्येचेच पाटे पायजेत."

सगळा उन्हाळा आणि पुढं पावसाळाही गाडी पुढून दगडांवर उभी राहिली. तिच्या सावलीला कोंबड्या बसू लागल्या.

आता आमच्या बीडकडची एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला विचारा, कोयता कशाचा चांगला? तो म्हणेल, जीपच्या पाट्याचा. हंगाम जवळ आला की लोहाराचा भाता दिवसभर चालतो आणि लोहार पाट्यांच्या शोधात दारोदार फिरतो. त्या घणाचा आवाज आला की अप्पा हिशेब करता करता थांबायचे.

"दादानं दिले असतील का हो लोहाराला?" एकदा त्यांनी मला विचारलं. "आतापातूर कोयते होऊन कारखान्याला गेले असतील. मग सपलंच."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला एकदम वाईट वाटलं. ही गाडी त्यांना बसायला नकोच होती. दादांच्या दारात जायला त्यांना निमित्त हवं होतं, आणि जगात तेवढं एकच निमित्त उरलं होतं. त्याचेच कोयते झाले असतील तर पुढं काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मी विचारून येऊ?" मी म्हणालो. अप्पांनी हिशेबाच्या वहीत मान घातली, तेव्हा मी गेलो.

दादा ओसरीवर तूर निवडत बसले होते. माझं बोलणं ऐकून ते गोठ्यात गेले, कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. खाली पाटे होते, तेल पाजलेले, कुठं गंजाचा ठिपका नाही.

"दर साली लोहार येतोय मागायला. न्हाई म्हनतो." मी उचलायला वाकलो तर त्यांनी ताठ हात आडवा धरला. "ऱ्हाऊ द्या. तुमी कावून आलात? ज्येला पायजेत त्येनं यावं."

मी हे येऊन सांगितलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "कोयते न्हाई केले?" आणि ते दुकानाच्या पायरीवरच बसले. उपरण्यानं बराच वेळ तोंड पुसत राहिले. मग आत जाऊन धुतलेलं धोतर नेसले, नव्यानं विभूती लावली आणि भिंतीपलीकडच्या घरी निघाले. उंबऱ्याशी मात्र पाय अडला.

"पाटे न्यायला आलतो."

"ने की," दादा म्हणाले.

दोघेही पाट्यांकडेच बघत होते.

"कमान बसली का रं त्येंची?" अप्पांनी विचारलं.

"कशी बसंल? वजनच न्हवतं त्येंच्यावर."

मग एक टोक यांनी धरलं, दुसरं त्यांनी.

मिस्त्रींनी पाटे चढवले, आक्सल बसवला, चाकं लावली. गाडी पुढून चांगली हातभर उंच आणि हडकुळी दिसायला लागली. मिस्त्री चालवायला बसले तर अप्पा म्हणाले, "मिस्त्री, उतरा." आणि स्वतः शेजारच्या बाजूला बसून सरळ समोर पाहू लागले. कुणालाच हाक मारली नाही.

दादा दारात उभे होते. मग "वाकडा बसवला असंल, बघतो," असं पुटपुटत आले आणि स्टिअरिंगवर बसले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मी मागे बसलो होतो. शेताच्या वाटेला लागलो तसं माझं डोकं टपाला लागायला लागलं. डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही कलायचं आणि आम्ही सगळे एका बाजूला ढकलले जायचो.

"लई आदळती रं वैजू," दादा म्हणाले.

"आदळू दे."

पुढं चढ आला. दादांनी क्लच दाबला आणि तोंड उघडलं, पण काही बोलावं लागलं नाही. गिअर पडला होता.