डावीकडचा ब्रेक

मेकॅनिक आह हॉकने गाडीची डावी सीट सोडवली, दोन्ही हातांनी उचलली आणि वर्कशॉपच्या दाराशी, भंगाराच्या पिंपाशेजारी नेऊन आदळली.

"अरे, सावकाश!" शामकांत मराठीतच ओरडले.

"व्हॉट, चीफ?"

"नथिंग. कॅरी ऑन."

शामकांत एकाहत्तर वर्षांचे. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, शेवटची बारा वर्षं चीफ इंजिनीअर म्हणून. त्यामुळे आह हॉकसाठी ते अजून 'चीफ'च होते. गाडी जुनी, आठ सिलिंडरची, ऑस्ट्रेलियात बनलेली, काळी आणि लांबरुंद. ती सुरू झाली की क्वीन्सटाउनच्या त्यांच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी आजोबांचा पिंजऱ्यातला पक्षी गायचा थांबायचा. शामकांतांची बायको प्रेमा तिला 'म्हैस' म्हणायची. "पाणी प्यावं तसं पेट्रोल पिते आणि वळताना सगळा रस्ता अडवते. दुसरं काय नाव ठेवणार?"

सव्वीस वर्षं प्रेमा म्हशीच्या डाव्या सीटवर बसली. गाडी चालवायला ती शिकली नाही, पण ब्रेक मात्र सव्वीस वर्षं लावला. समोरचा सिग्नल लाल झाला की तिचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर करकचून दाबला जायचा.

"अगं, तिथे ब्रेक नाहीये," शामकांत म्हणायचे.

गाडी थांबली की प्रेमा पाय उचलायची. "मग थांबली कशी?"

या भांडणाचा निकाल लागायच्या आतच, चौदा महिन्यांपूर्वी, प्रेमा गेली. गाडी कारपार्कमध्ये कव्हर घालून उभी राहिली आणि शामकांत वर फ्लॅटमध्ये बसून राहिले. दोघांचीही बॅटरी उतरली.

मग गाडीच्या परवान्याची मुदत संपत आली; ती संपली की इथे जुनी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्यांची मुलगी मधुरा तांजोंग पगारला नोकरी करायची, तिथेच वेगळी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी पूल ओलांडून पलीकडच्या देशात, जोहोरला जाऊन ट्रॅकवर गाडी पळवायची. ती म्हणाली, "बाबा, आता दोनच रस्ते. भंगार, नाहीतर रेस."

"रेस म्हणजे?"

"म्हणजे आतलं सगळं काढून टाकायचं. गाडी उलटली तरी जीव वाचवणारा लोखंडी पाइपांचा पिंजरा आत वेल्ड करून बसवायचा. वजन उतरवायचं. आह हॉक सगळं हाताने बनवून देतो. जुन्या गाड्यांची शर्यत आहे ऑगस्टमध्ये. मी चालवीन. काळ्या गाडीवर पांढरा नंबर, बाबा! कसली दिसेल!"

शामकांतांनी तिच्याकडे पाहिलं. आई गेल्यापासून पोरगी इतकं सलग बोलली नव्हती.

"लोखंडच तर आहे," ते म्हणाले. "काप."

बोलून गेले खरे. आता ती सीट भंगाराच्या पिंपाशेजारी पडलेली त्यांना बघवेना. पण चीफने एकदा हुकूम दिला की दिला. मधुराला कळू न देता त्यांनी मोठी टॅक्सी बोलावली आणि सीट घरी नेली. हॉलमध्ये खिडकीकडे तोंड करून ठेवली. स्वतः तिच्यावर बसले नाहीत. शेजारी खुर्ची टाकून बसले.

दुसऱ्या आठवड्यात आह हॉकने कार्पेट उचकटलं आणि डावीकडे वाकून बघत राहिला. जिथे प्रवाशाचे पाय येतात तिथे पत्र्याला एक खळगा पडला होता. बशीएवढा, गुळगुळीत.

"चीफ, धिस साइड ऑल्सो गॉट ब्रेक, आह?"

आह हॉकने हातोडा घेतला. "नेव्हर माइंड, आय नॉक फ्लॅट."

"नो!" शामकांत पुढे झाले. "दॅट इज स्ट्रक्चरल."

"स्ट्रक्चरल?"

"खळग्यामुळे पत्रा ताठ राहतो. जहाजात असंच करतात," त्यांनी इंग्रजीत समजावलं.

जहाजात असं कुठेही करत नाहीत. पण चीफ सांगतोय म्हटल्यावर आह हॉकने मान डोलावली आणि खळग्याभोवती खडूने गोल काढून वर लिहिलं, 'डोन्ट टच'.

इथे शामकांत थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण त्यांना वाटलं, खळगा वाचला तर आणखीही काही वाचेल. प्रेमाच्या वस्तू गाडीभर होत्या. तिची छत्री, पाठीला लावायची उशी, पितळी स्टोव्ह, बडीशेपेची स्टीलची डबी. शिवाय डिकीत विळी. ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर सहलीला गेल्यावर भेळेसाठी कांदा चिरायचा तर ती सुरीवर विश्वास ठेवत नसे.

"हे सगळं मी घरी नेतो," असं सांगून शामकांतांनी सगळं पिशव्यांत भरलं. पण घरी नेलं नाही. कोणत्याही यंत्रात रिकामी जागा कुठे असते हे त्यांना तोंडपाठ होतं. आह हॉक जेवायला हॉकर सेंटरला गेला की ते कामाला लागायचे. छत्री डाव्या दरवाजाच्या पोकळीत गेली. विळी मागच्या चाकावरच्या पत्र्याआड. स्टोव्ह आणि उशी खालच्या पोकळ तुळईत. पुढे त्यांची हिंमत वाढली. पिंपात टाकलेली डावी काच, काच खालीवर करायचं यंत्र, प्रेमा ज्यात बघून टिकली सरळ करायची तो आरसा, हेही त्यांनी उचलून आत बसवलं. सगळं जहाजावरच्या शिस्तीने दोरीने आवळून. समुद्रात सुटी वस्तू ठेवायची नसते.

परिणाम वजनकाट्यावर दिसायला लागला. गाडी निदान अकराशे किलोची हवी, असा शर्यतीचा नियम होता. आह हॉकला ती बरोबर अकराशेवर आणायची होती. तो सोमवारी दहा किलो काढायचा आणि शुक्रवारी गाडी चारच किलोंनी उतरलेली असायची.

"हाऊ कॅन?" तो काट्याला लाथ घालायचा. "आय कट, शी ग्रो बॅक!"

"स्केल इज ओल्ड," शामकांत म्हणायचे.

आह हॉकने नवा काटा आणला. तो जुन्या काट्याशी ग्रॅमपर्यंत सहमत झाला. मग आह हॉक पेटला. त्याने बॉनेट उतरवून फायबरचं घडवलं. मागच्या काचेच्या जागी प्लॅस्टिक लावलं. जिथे जागा दिसेल तिथे पत्र्याला भोकं पाडली. म्हैस चाळणीसारखी दिसायला लागली. अखेर एका शुक्रवारी काट्यावर अकराशे आले आणि साठीचा आह हॉक वर्कशॉपभर नाचला.

मधुराने त्याच दिवशी मागच्या गल्लीत गाडी पुढेमागे करून पाहिली. परत आली ती कपाळाला आठ्या घालून.

"उजवीकडे वळलं की आवाज येतोय. खुळ्ळ, खुळ्ळ."

शामकांतांनी आवाज ओळखला. आदल्याच दिवशी एकटे असताना त्यांनी दरवाजाच्या पोकळीतून बडीशेपेची डबी काढली होती. चिमूटभर तोंडात टाकली होती. तेवढ्यात आह हॉक जेवून परत आला आणि डबी तशीच आत सरकवावी लागली. दोरी न बांधता.

"गिअरबॉक्स," आह हॉकने निदान केलं.

गिअरबॉक्स उतरली. दोन दिवसांनी निर्दोष ठरून परत चढली. खुळ्ळ. पुन्हा उतरली. पुन्हा चढली. खुळ्ळ.

"बाबा, तुम्ही ऐका ना," मधुरा म्हणाली. "आई सांगायची, बाबा झोपेतसुद्धा कुठला पंप आजारी आहे ते ओळखतात."

"आता कान गेले गं माझे," शामकांत म्हणाले आणि पिंपाकडे बघत राहिले.

आह हॉकने हात पुसले. गिअरबॉक्स नवी मागवावी लागेल, ऑस्ट्रेलियातून, निदान तीन महिने. म्हणजे ऑगस्ट गेला. मधुरा हातातलं हेल्मेट बाकावर ठेवून म्हणाली, "जाऊ दे. नाव काढून घेते मी शर्यतीतून."

ती ज्या आवाजात 'जाऊ दे' म्हणाली, तो आवाज शामकांतांनी चौदा महिने ऐकला होता.

"थांब," ते म्हणाले. डाव्या दरवाजाशी गुडघे टेकून बसले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डबी बाहेर काढली. हलवली. खुळ्ळ.

"आणखी आहे," ते खाली मान घालून म्हणाले.

मग अर्धा तास एकेक वस्तू बाहेर येत राहिली. आह हॉकने त्या जमिनीवर ओळीने मांडल्या. विळी हातात आली तेव्हा त्याने ती लांब धरली. "चीफ, धिस वन वेपन, इझिट?"

"फॉर कांदा," शामकांत म्हणाले. "ओनियन."

"रेस कार गॉट ओनियन!" आह हॉक मटकन बाकावर बसला.

मधुराने उशी उचलली. तिच्या अभ्र्यावर प्रेमाने भरलेली वेलबुट्टी होती. थोडा वेळ ती तिच्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिली.

"बाबा, मला सांगायचं की. नको म्हणायचं."

"तू खूश होतीस. इतक्या दिवसांनी."

"मी? अहो, तुम्ही दिवसभर घरात भिंतीकडे बघत बसायचात. काहीतरी निमित्ताने बाहेर पडाल म्हणून मी हे काढलं. मला वाटलं, तुम्ही खूश आहात. रोज सकाळी दाढी करून वर्कशॉपला येत होतात."

"ते हे सगळं लपवायला."

मधुराला हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी ओलं झालं. तिने उशीतच तोंड खुपसलं. शामकांतांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं, ते केसांना लागलं.

आह हॉकला मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. पण वस्तूंच्या रांगेकडे बघता बघता त्याला दुसरंच काहीतरी कळलं आणि तो ताडकन उठला. "आय याह! दि वेट!"

गाडी काट्यावर चढवली. एक हजार सत्त्याहत्तर. इतके दिवस शामकांत जितकं आत घालत होते, तितकं आह हॉक बिचारा कापून बाहेर काढत होता. आता गाडी नियमाला तेवीस किलो कमी पडत होती.

"टू लाइट," आह हॉक डोकं धरून म्हणाला. "नाऊ मस्ट पुट बॅलास्ट."

तो शब्द ऐकून शामकांत सावरले. बॅलास्ट त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. रिकामं जहाज समुद्रात हिंदकळतं, म्हणून त्याच्या पोटात मुद्दाम पाणी भरून वजन ठेवतात.

"व्हेअर?" त्यांनी विचारलं.

चालक उजवीकडे बसतो, म्हणून वजन डावीकडे, आह हॉकने सांगितलं. खाली पत्र्यावर, घट्ट, चार बोल्ट मारून.

"चार बोल्ट," शामकांत म्हणाले. "भोकं आहेतच तिथे." मग मधुराकडे न बघता म्हणाले, "तेवीस किलोचं एक बॅलास्ट माझ्या हॉलमध्ये आहे."

संध्याकाळी तिघांनी मिळून सीट काट्यावर ठेवली. साडेतेवीस भरली.

"हाफ केजी एक्स्ट्रा," आह हॉक म्हणाला. "बट कॅन, लाह." आणि त्याने स्वतः, अगदी सावकाश, ती जुन्या जागी उतरवली.

पुढच्या शनिवारी जोहोरच्या ट्रॅकवर चाचणी होती. पहिल्या दोन फेऱ्या इंजिन तापवायला, बेताच्या वेगाने, तेव्हा शेजारी माणूस बसवायला हरकत नव्हती.

"बसा बाबा," मधुरा आतून म्हणाली.

शामकांत सवयीने उजव्या दरवाजाकडे गेले. तिथे मधुरा होती. मग ते वळसा घालून डावीकडे आले. सव्वीस वर्षांत या बाजूने ते गाडीत कधी बसलेच नव्हते. सीट त्यांना थोडी ठेंगणी वाटली. इथून रस्ता वेगळाच दिसत होता, जवळ आणि अंगावर येणारा.

आह हॉकने त्यांचे पट्टे आवळले, हेल्मेटवर टपली मारली आणि मागे झाला. म्हैस गुरगुरत निघाली. सरळ रस्ता आला, मधुराने पाय दाबला आणि पिंजऱ्याचे पाइप थरथरले.

"बेताचा वेग म्हणालीस ना?"

"बेताचाच आहे, बाबा."

"अगं, पुढे वळण आहे."

"दिसतंय मला."

"मधुरा, वळण!"

त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि करकचून खाली दाबला गेला. तिथे तो खळगा होता. बुटाची टाच त्यात बरोबर बसली.

गाडीचा वेग उतरला, वळण नीट पार झालं आणि समोर पुन्हा मोकळा रस्ता लागला. मधुराने तिरक्या नजरेने खाली पाहिलं.

"बाबा, तिथे ब्रेक नाहीये."

शामकांतांनी पाय उचलला नाही.

"मग थांबली कशी?" ते म्हणाले.