फुकट नव्हे, मुक्त!

मिनेसोटातल्या हॅल्वर नायगार्डने घरच्या कम्प्युटरवरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स घातलं, तेव्हा त्याची बायको मार्लिस एवढंच म्हणाली, "फुकट मिळालं म्हणून ना?"

"फुकट नव्हे, मुक्त!" हॅल्वर म्हणाला. (हे वाक्य त्याने पोस्टमनला ऐकवलं होतं, शेजाऱ्यांना ऐकवलं होतं आणि दाताच्या डॉक्टरलाही, तोंडात ड्रिल असताना.)

"मुक्त तर मुक्त. पण शनिवारी आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा व्हिडिओ सगळ्यांसमोर धड लागला नाही, तर डेल येऊन जुनी सिस्टिम परत घालणार. सांगून ठेवते."

डेल म्हणजे मेव्हणा. कम्प्युटर तळ्यात बुडाला असता तरी हॅल्वरला चाललं असतं, पण त्याला डेलचा हात लागलेला चालला नसता.

व्हिडिओ लावायचा तर प्लेअर हवा. मुक्त जगात प्लेअरना तोटा नाही, आणि लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर जो तो आपल्या प्लेअरची आरती ओवाळून दुसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. हॅल्वर आठवडाभर नुसता वाचत बसला. शनिवारी पाहुणे अंगणात जमले तरी निवड व्हायचीच होती.

शेवटी तो तळघरात कम्प्युटरपुढे बसला. प्लेअर तपासायला एक छोटी क्लिप हाताशी होती. सासूबाईंसाठी शुभेच्छा रेकॉर्ड करायचा सराव करताना पहिल्या खेपेला त्याने जरा मन मोकळं केलं होतं: "आर्डिस, तुमची ती खिमा-बटाट्याची हॉटडिश मी वीस वर्षं खातोय. आमच्या कुत्र्याने एकदाच खाल्ली, आणि तो शहाणा झाला."

पहिल्या प्लेअरवर चित्र आलं, आवाज नाही. दुसराही मुका. तिसऱ्यासाठी फोरमवर लोक जीव द्यायला तयार होते, पण आवाज द्यायला तो तयार नव्हता. चौथ्यात आवाज दुप्पट करायची सोय होती. हॅल्वरने ती वापरली.

तेवढ्यात मार्लिस जिना उतरून आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काय चाललंय तुझं?"

"अगं, एकाचाही आवाज येत नाही!"

"येतोय," मार्लिस दातओठ खात म्हणाली. "गाण्यांसाठी अंगणातला स्पीकर काल तूच जोडलास ना? त्यावर येतोय. चारदा आला. पाद्रीबाबा घास हातात धरून उभे आहेत."

हॅल्वर धावतच जिना चढला. सासूबाईंवर त्याचा खरंच जीव होता. हॉटडिशवर नव्हता, एवढंच.

तो अंगणात आला. डेल बाह्या सरसावत होता.

"काय भाऊजी, घालू का जुनी सिस्टिम?"

"तू गप रे, डेल," आर्डिसबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात हॉटडिश वाढायचा डाव होता. "जावईबापू, पहिले तीन जरा घोगरे वाटले. चौथा ठेवा. त्यात 'कुत्रा' अगदी स्वच्छ ऐकू येतो."

"म्हणजे... लिनक्स राहू दे?"

"राहू दे की. आणि ती प्लेट करा पुढे. आज मुक्तहस्ताने वाढते."

प्लेटमध्ये हॉटडिशचा डोंगर उभा राहिला. हॅल्वरने मोठ्या आशेने टेबलाखाली पाहिलं.

कुत्रा केव्हाच निघून गेला होता.