वाळूतली डबी आणि द्वारकाबाई मगर

एका जंगलात, मुलांनो, इंटरनेट आलं होतं. रस्ता यायचा होता, दवाखाना यायचा होता, पण इंटरनेट आलं होतं. झाडाझाडांवरून तारा गेल्या होत्या आणि त्या सगळ्या जाऊन मिळत होत्या वडाखालच्या कोळीअप्पांच्या जाळ्याला. कोळीअप्पा म्हणजे आठ पायांचे कोळी. त्यांचं जाळं हा जंगलाचा सर्व्हर. कुणाचीही माहिती असो, ती तिथे येऊन साठायची आणि दवाच्या थेंबांसारखी जाळ्यावर लखलखायची. ज्याला हवी त्याने मान वर करून वाचावी.

सर्व्हर आतून कसा चालतो ते मला विचारू नका. मी गोष्टी सांगणारा माणूस आहे. माझ्या घरचं इंटरनेट बंद पडलं की मी त्याचा डबा बंद करतो, परत चालू करतो आणि हात जोडतो. तेवढंच माझं तंत्रज्ञान.

तर त्या जंगलातल्या नदीत द्वारकाबाई नावाची मगर राहत होती. दरवर्षी त्या काठावरच्या वाळूत खड्डा करायच्या, अंडी घालायच्या, वर वाळू ओढायच्या आणि शेजारी पडून राहायच्या. दोन महिने. वर ऊन, खाली तापलेली वाळू, पोटात जेमतेम काही. शेवटी एक दिवस अंड्यांच्या आतून पिल्लं हाका मारायची. मग द्वारकाबाई वाळू उकरायच्या, पिल्लांना जबड्यात अलगद घ्यायच्या आणि पाण्यात सोडायच्या. वर वाळू घट्ट झालेली असते, म्हणून मगरीच्या पिल्लांना आईच लागते. हाक ऐकून कुणी आलं नाही, तर ती आतच राहतात.

त्या वर्षी द्वारकाबाई कंटाळल्या होत्या. वय झालं होतं. पाठीवरचे खवले उन्हाने तडतडत होते. खारीला आपल्या शेंगांची माहिती घरबसल्या मिळते, गव्याला कुठल्या टेकडीवर गवत आलंय ते वडाखाली कळतं, आणि मीच एकटी इथे ओंडक्यासारखी पडलेय, असं त्यांना वाटू लागलं.

म्हणून त्यांनी ठोकेंना बोलावलं. ठोके हे सुतारपक्षी. शहरात जाऊन, एका मोबाइलच्या टॉवरवर दोन उन्हाळे राहून, सगळं शिकून आले होते. माणूस, म्हणजे पक्षी, मनाचा चांगला. फक्त आधी टकटक करायचा आणि मग विचार करायचा.

ठोकेंनी सगळं समजावून सांगितलं. एक डबी अंड्यांजवळ वाळूत पुरायची. ती वाळूचं तापमान मोजेल आणि स्वतःच्या पोटात टिपून ठेवेल. त्या टिपणांना लॉग म्हणतात. पूर्वी डबी उकरून काढून लॉग वाचावा लागायचा. आता डबी स्वतःच थोड्या थोड्या वेळाने तो कोळीअप्पांच्या जाळ्याकडे धाडून देईल. बाईंनी वडाजवळच्या डोहात सावलीला बसावं आणि वर बघावं.

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. आपोआप," ठोके म्हणाले.

आपोआप. द्वारकाबाईंनी तो शब्द जबड्यात घोळवून पाहिला. बरेच दिवस काही न खाल्ल्यामुळे तो त्यांना फार गोड लागला.

मुलांनो, एखादी गोष्ट आपोआप होण्यासाठी किती खपावं लागतं, याची तुम्हाला कल्पना नाही. ठोके डबीवर टकटक करत होते आणि द्वारकाबाई भर उन्हात दातांत तार धरून उभ्या होत्या. डबीला पासवर्ड हवा होता. द्वारकाबाईंनी एक नाव सांगितलं, ते डबीला फार सोपं वाटलं. दुसरं सांगितलं, ते फार लहान वाटलं. शेवटी डबीला पटेल असा पासवर्ड सापडला, तो ठोकेंनी टाकला आणि दोघेही तो विसरले. मग नवा.

पहिला लॉग निघाला आणि वडाखाली पोचलाच नाही. दिवसभर शोधाशोध झाली. संध्याकाळी घोरपडीकडून अतिशय नम्र उत्तर आलं. माहिती मिळाली, आभारी आहे, अंडी नेमकी कुठे आहेत तेवढं कृपया कळवावं. पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं. घोरपड अंडी खाते हे तुम्हाला माहीतच असेल. ठोकेंना माहीत होतं, पण अक्षर लिहिताना ते आठवलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने पत्ता बदलला.

अखेर जमलं. जाळ्यावर आकडे लखलखले. तापमान बत्तीस अंश, सर्व ठीक. जंगलाचे प्रमुख गवासाहेब उद्घाटनाला आले. त्यांनी कापायची वेल भुकेपोटी खाऊन टाकली, पण कार्यक्रम छान झाला. द्वारकाबाई वाळूवरून उठल्या आणि वडाजवळच्या डोहात जाऊन बसल्या. पाणी गार होतं. मासे भरपूर होते. त्यांना रडूच आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण द्वारकाबाई आकडे बघू लागल्या.

वाळूवर असताना त्या खुशाल डोळे मिटून पडायच्या. आता डोळा लागेना. आकडा जरा वर सरकला की त्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. जरा खाली आला की वाटायचं, पिल्लं गारठली. मासा तोंडात धरून त्या वर बघत राहायच्या आणि मासा निसटून जायचा. एकदा ढग आला, आकडा अर्ध्या अंशाने उतरला, तर बाईंनी डोहात एवढी शेपटी आपटली की काठावर पाणी प्यायला आलेली हरणं जंगलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. हसू नका. मी स्वतः पार्सल मागवतो आणि ते कुठवर आलं हे बघता बघता दाराची घंटा ऐकू येत नाही.

त्यांनी ठोकेंना सांगितलं की मला असं सारखं बघत बसणं सोसत नाही. ठोकेंकडे त्यावरही उपाय होता. त्यांनी जाळ्याला एक घंटी बांधली. आकडे ठीक असतील तोवर घंटी गप्प. काही बिघडलं, तर वाजेल. तुम्ही बघूच नका, ते म्हणाले.

मग मात्र द्वारकाबाई सुखी झाल्या. त्या जेवल्या, झोपल्या, अंगावर तेज आलं. कुणी अंड्यांची चौकशी केली तर त्या न वळता शेपटीने जाळ्याकडे बोट दाखवायच्या. म्हणजे शेपटीचं टोक.

आणि एका दुपारी टिटवी आली. टिटवीचं घरही त्याच वाळूवर होतं. तिला ओरडायची सवय होती. पान पडलं तरी ओरडायची, त्यामुळे तिचं कुणी मनावर घ्यायचं नाही. पण त्या दिवशी ती ओरडली नाही. डोहाच्या काठावर उतरली आणि हळू आवाजात म्हणाली, "द्वारकाबाई, तुमची वाळू बोलतेय."

द्वारकाबाईंनी वर पाहिलं. बत्तीस अंश. सर्व ठीक. घंटी गप्प. त्यांनी कोळीअप्पांना विचारलं. अप्पांनी एकेक धागा पायाने चाचपून सांगितलं की लॉग वेळच्या वेळी येतोय, एकही चुकलेला नाही. ठोकेंनाही बोलावून घेतलं. त्यांनी टिटवीचं म्हणणं शांतपणे ऐकलं. मग सांगितलं की डबी तापमान मोजते. आवाज मोजणं हे वेगळं काम आहे. मागणी चांगली आहे, पुढच्या वर्षी बघता येईल.

"पुढच्या वर्षी त्यांचा आवाज येणार नाही," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

द्वारकाबाई डोहात तशाच राहिल्या. त्यांनी आकड्यांकडे पाहिलं. आकडे छान होते. ठोके हुशार होते. अप्पा प्रामाणिक होते. टिटवी ही टिटवी होती. सगळं मन सांगत होतं की बसून राहा. पण त्यांचे पुढचे दोन पाय पाण्याखाली आपसूक चिखल उकरत होते. ते त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. कुणाला न सांगता, जरा पाय मोकळे करून येते अशा चेहऱ्याने, त्या बाहेर पडल्या. वळणाआड गेल्यावर मात्र धावल्या. मगर धावताना फार विचित्र दिसते, आणि त्यांना ते माहीत होतं.

वाळूपाशी पोचल्या तर हाका क्षीण झाल्या होत्या. त्यांनी दोन्ही पायांनी वाळू उपसली. डबी वर आली, तीही त्यांनी भिरकावून दिली. ती जाऊन नदीत पडली. एकेक अंडं त्यांनी जबड्यात घेऊन हलकेच दाबलं, तशी पिल्लं बाहेर आली. वळवळती, चिडलेली, आईला यायला इतका वेळ का लागला असं विचारणारी. काही अंडी मात्र गप्प होती. त्यांनी ती पुन्हा पुन्हा कानाशी नेली. मग परत वाळूत ठेवली आणि वर वाळू ओढली. पिल्लं तोंडात भरून घेऊन, मान उंच धरून, त्या वडाजवळच्या डोहाकडे निघाल्या. सगळ्यात चांगलं पाणी तिथेच होतं.

इकडे नदीत पडलेली डबी आपलं काम करत होती. पाणी गार होतं. तिने ते टिपलं आणि धाडलं. जाळ्यावर आकडा धाडकन खाली आला. घंटी वाजली. सगळं जंगल गोळा झालं. कोळीअप्पांनी आकडा तपासला, बरोबर होता. इतक्या गारठ्यात अंडी जगत नाहीत, हे ठोकेंनी जड मनाने जाहीर केलं. घंटी कशी अचूक वाजली, हे मात्र ते हळूच दोघातिघांना सांगत होते.

गवासाहेबांनी तिथल्या तिथे शोकसभा घेतली. ते बोलत असतानाच द्वारकाबाई काठावर आल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि वाट करून दिली. गवासाहेब भरल्या आवाजात म्हणाले, "बाई, आम्हाला सगळं कळलंय. तुम्ही काही बोलू नका."

द्वारकाबाईंना बोलताच येत नव्हतं. जबडा पिल्लांनी भरला होता. तो उघडून दाखवावा, तर शोकसभेच्या पहिल्या रांगेत, अगदी उथळ पाण्यात, बगळा डोळे मिटून उभा होता. म्हणून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आणि सवयीने त्यांनी वर पाहिलं.

जाळ्यावर लिहिलं होतं, तापमान घसरले, अंडी मृत.

मुलांनो, तोंडात पिल्लं वळवळत असताना द्वारकाबाईंच्या काळजात धस्स झालं. क्षणभर त्यांना खरंच वाटलं, गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मगरीच्या अश्रूंना जग नावं ठेवतं, पण ते खरे होते.

गवासाहेबांनी सर्वांना शांत उभं राहायला सांगितलं. जंगल स्तब्ध झालं. त्या शांततेत द्वारकाबाईंच्या दातांआडून एक बारीक आवाज आला. मग दुसरा. गवासाहेबांनी एक डोळा उघडून रागाने पाहिलं. ठोकेंनी बोट ओठांवर ठेवावं तसा पंख चोचीवर ठेवून शूऽऽ केलं.

द्वारकाबाई ओशाळल्या. त्यांनी जबडा आणखी थोडा मिटून घेतला आणि स्वतःच्या पिल्लांसाठी पाळलेली शांतता शेवटपर्यंत पाळली.

तात्पर्य : पोरं जिवंत आहेत की नाहीत हे आधी सर्व्हरवर बघावं आणि मगच आनंद करावा. तोंडात वळवळतं त्यावर एकदम विश्वास ठेवणं सुशिक्षित आईला शोभत नाही.